दारात ताटकळणारा पाहुणा : आपले संकेतस्थळ जलद कसे उघडेल?

(मंडळाच्या खामगाव येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवर-सूची, विवाहातील खर्चास आळा, असे विषय आपल्या या मेळाव्यात दरवर्षी बोलण्यासाठी घेतले जातात. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस 'आपले संकेतस्थळ जलद कसे उघडेल' हा विषय नेमून दिला, तेव्हा काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडलेल्या आम्ही पाहिल्या. हा यंत्राचा विषय. तो यंत्र जाणणाऱ्याने आपल्या खोलीत बसून सोडवावा, समाजाच्या सभेत त्याचा काथ्याकूट कशास, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. गतवर्षापर्यंत आमचेही मत तेच होते. ते कसे पालटले हे प्रथम सांगतो आणि मग उपायांकडे वळतो.

गतवर्षी आपण शिष्यवृत्तीचे अर्ज प्रथमच केवळ संकेतस्थळावरून मागविले. कागद वाचेल, टपालखर्च वाचेल, कार्यालयातील गर्दी टळेल, असा हेतू चांगलाच होता. मुदत संपल्यावर काही कामानिमित्त आमचे संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी जाणे झाले. तेथे आपल्याच समाजातील एक भगिनी राहते. पती निवर्तलेले, दोन एकर कोरडवाहू शेती आणि रोजमजुरी यांवर संसार. तिची कन्या बारावीस उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. शिष्यवृत्ती जिच्यासाठी ठेवावी अशीच ती मुलगी. परंतु आमच्या यादीत तिचे नाव नव्हते. "बाई, अर्ज का केला नाहीस?" असे आम्ही विचारले. तिने काही न बोलता आपला जुना मोबाइल आमच्यापुढे धरला आणि मग म्हणाली, "ते नुसतं गोल गोल फिरते, काका, उघडतच नाही. तीन दिवस पाहिलं. मंग पॅक संपला."

आम्ही त्या अंगणात बसून घड्याळ लावून पाहिले. तीन मिनिटे लोटली तरी ते चक्र फिरतच होते. हेच संकेतस्थळ खामगावास, कार्यालयातील जलद जोडणीवर आणि आमच्या नव्या मोबाइलवर, पापणी लवते न लवते तोच उघडत असे. आणि ते पाहून आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

त्या मुलीस पुढे मंडळाने वेगळी तरतूद करून साहाय्य दिले, हे खरे. पण त्या रात्री परतताना एका विचाराने आम्हांस झोप येऊ दिली नाही. जो अर्ज आला त्याची नोंद वहीत राहते. जो नाकारला त्याचीही राहते. परंतु दारापर्यंत येऊन, दार उघडेना म्हणून जो मुकाट्याने परत गेला, त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. अशी किती घरे परत गेली असतील? ते आम्हांस सांगता येत नाही, आणि पुढेही कधी सांगता येणार नाही. म्हणूनच हा विषय समाजाच्या सभेत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आता, पान उघडावयास वेळ का लागतो? पुष्कळांचा समज असा की, दोष सर्वस्वी मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याचा. मनोऱ्याचा दोष काही ठिकाणी असतोच; तो आपल्या हाती नाही. परंतु मार्ग रुंद झाला म्हणजे प्रवास आपोआप सुलभ होतो असे नाही. सर्वसामान्य जनतेस भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर ते खेड्याखेड्यांत पोहोचले. आपल्याच जिल्ह्यातून, मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून, समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्या मार्गावर आपण दगडांनी भरलेली बैलगाडी घातली, तर मार्गास दोष देऊन काय उपयोग? आपल्या संकेतस्थळाची गाडी दगडांनी भरलेली होती, आणि ते दगड आपणच हौसेने भरले होते.

स्टीव्ह साउडर्स नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने २००७ साली या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. बहुतेक संकेतस्थळांवर वाचकाचा जो वेळ जातो, त्यांपैकी शेकडा ८० ते ९० भाग मूळ पान सर्व्हरवरून निघाल्यानंतर, म्हणजे पानासोबतची चित्रे, अक्षरसंच व इतर फायली आणून त्या मांडण्यात जातो, असे त्यांनी दाखवून दिले. अर्थात मोठा सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वी आपण पानात काय भरले आहे, हे पाहणे शहाणपणाचे.

हा विषय समजून घेण्यास खामगावकरांस दूर जावयास नको. कापसाचा व्यापार या गावाच्या हाडीमासी खिळलेला आहे. शेतातून आलेला कापूस तसाच आगगाडीत घालून मुंबईस कोणी पाठवीत नाही. प्रथम जिनिंगमध्ये त्यातील सरकी वेगळी होते. कापसाच्या वजनात सुमारे दोन भाग सरकी आणि एक भाग रुई असते. मग प्रेसमध्ये ती रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. आणि तिसरी गोष्ट, १८७० साली जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरांचा रेल्वेचा फाटा सुरू झाला, म्हणजे गाडीच बाजाराच्या दाराशी आली. सरकी काढणे, गाठ बांधणे आणि फाटा जवळ आणणे, या तीन क्रियांतच संकेतस्थळ जलद करण्याचे बहुतेक सर्व शास्त्र सामावले आहे. एकेक क्रमाने पाहू.

पहिली क्रिया सरकी काढण्याची. आपल्या पहिल्या पानावर मंडळाचे पदाधिकारी व आश्रयदाते यांची १२ छायाचित्रे होती. मोबाइलने काढली तशीच ती चढविली होती. असे एक छायाचित्र बहुधा ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असते आणि त्याचे वजन सुमारे ४ मेगाबाइट भरते. १२ छायाचित्रांचे झाले ४८ मेगाबाइट. त्या गावी जोडणीचा वेग सेकंदास २ मेगाबिट मिळाला असे धरू. एका बाइटचे ८ बिट होतात; म्हणजे सेकंदास पाव मेगाबाइट. ४८ मेगाबाइट उतरावयास लागणार १९२ सेकंद, तीन मिनिटांहून अधिक! आमच्या घड्याळाने अंगणात जे दाखविले तेच त्रैराशिकानेही दाखविले. त्यातही भर अशी की, सर्व छायाचित्रे आल्याखेरीज पुढचे काही दिसू नये आणि तोवर एक सुंदर चक्र फिरत राहावे, अशी सजावट आम्ही मुद्दाम करवून घेतली होती. अर्जाचा दुवा त्या चक्राच्या मागे झाकलेला! त्या मुलीने १० वेळा प्रयत्न केला असेल, तर ४८० मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ अर्धा गिगाबाइट, आमच्या मुखदर्शनापायी तिच्या पैशाने खर्ची पडला.

वस्तुतः मोबाइलच्या पडद्यावर छायाचित्र ८०० ठिपके रुंद असले तरी पुरेसे स्पष्ट दिसते. रुंदी व उंची पाच-पाच पटींनी कमी केली की ठिपक्यांची संख्या २५ पटींनी उतरते. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपीईजी पद्धतीने ते छायाचित्र १०० किलोबाइटच्या आत सहज बसते. गुगलने २०१० साली आणलेल्या वेबपी पद्धतीने बहुधा त्याहूनही कमी होते. शिवाय, वाचक खाली सरकेल तेव्हाच खालची चित्रे आणावीत, अशी सूचना ब्राउझरला एका शब्दाने देता येते. चित्राची रुंदी-उंची अगोदर लिहून ठेवली, तर ते येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवली जाते. नाहीतर वाचक ओळ वाचीत असता ती एकाएकी खाली घसरते, आणि एका बटणाऐवजी दुसऱ्यावर बोट पडते.

सरकीचा दुसरा प्रकार म्हणजे चित्ररूपाने लिहिलेला मजकूर. आपल्या समाजात अद्याप पुष्कळ सूचना डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये जुळवून घेतात, आणि संकेतस्थळावर अक्षरे उमटेनात म्हणून त्या कागदाचे छायाचित्रच चढवितात. तेच युनिकोडमध्ये टंकलिखित केले तर काय होते पाहा. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, इंग्रजीचे १. मराठीस हा तिप्पट बोजा खरा. तरीही १५०० चिन्हांची सूचना अवघ्या ४५०० बाइटांत, म्हणजे साडेचार किलोबाइटांत मावते. तिच्याच छायाचित्रास एक-दोन मेगाबाइट लागतात, म्हणजे शेकडो पट. शिवाय अक्षरांत लिहिलेली सूचना शोधता येते, मोठी करून वाचता येते, आणि ज्यांस दृष्टी नाही अशा आपल्या बांधवांस मोबाइल ती मोठ्याने वाचून दाखवितो.

तिसरा प्रकार फाँटचा. देवनागरीत जोडाक्षरांची गर्दी असल्याने तिच्या फाँटची फाइल इंग्रजीच्या फाँटपेक्षा बहुधा बरीच जड असते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले मुक्त, बालू यांसारखे मराठी फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु पातळ, मध्यम, ठळक, अतिठळक असे चार-चार प्रकार एकाच पानावर मागविले, तर चार फायली उतराव्या लागतात. मथळ्यास एक प्रकार मागवावा. मजकुरास मोबाइलमध्ये मुळातच असलेली देवनागरी अक्षरे पुरेशी आहेत. आणि फाँट येईपर्यंत मोबाइलमधील अक्षरांत मजकूर दाखवावा, अशी सूचना अवश्य लिहावी. म्हणजे दागिना येईपर्यंत नवरीस खोलीत कोंडून ठेवल्यासारखे होत नाही.

चौथा प्रकार शोभेच्या यंत्रांचा. आपोआप सरकणारी चित्रमालिका, धावती बातमीपट्टी, भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा आकडा, पान उघडताच वाजणारी सनई, मेळाव्याची चित्रफीत, समाजमाध्यमांचा फलक. यांपैकी प्रत्येक वस्तू आपल्यासोबत जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञांचे गाठोडे आणते. ते उतरावयास तर वेळ लागतोच. पण ते वाचून अमलात आणावयास मोबाइलच्या मेंदूलाही श्रम पडतात. भारी मोबाइल ते श्रम सहज करतो. स्वस्त वा जुना मोबाइल धापा टाकतो. म्हणून वेग चांगला मिळत असूनही गरिबाच्या हातातील पान अडते. चित्रफितीच्या जागी तिचे एक लहान चित्र ठेवावे. ज्यास पाहावयाची तो त्यावर बोट ठेवील, तेव्हाच ती आणावी. सनईविषयी आम्ही अधिक बोलत नाही.

दुसरी क्रिया गाठ बांधण्याची. जीझिप ही दाबण्याची पद्धत १९९२ पासून आहे; ब्रॉटली ही तिची नवी भावंड. सर्व्हरवर एक कळ फिरविली की मजकूर दाबून पाठविला जातो आणि वाचकाचा ब्राउझर तो आपोआप उलगडतो. यात मराठीचा एक विशेष लाभ आहे. देवनागरीच्या ज्या ३ बाइटांचा आम्ही उल्लेख केला, त्यांपैकी पहिला प्रत्येक चिन्हात एकच असतो, आणि दुसरा केवळ दोहोंपैकी एक. पुनःपुन्हा येणारी गोष्ट थोडक्यात लिहिणे हेच तर दाबण्याचे तत्त्व. त्यामुळे मराठीवर पडलेला तिप्पट बोजा दाबल्यानंतर पुष्कळसा हलका होतो. आपल्या संकेतस्थळावर ही कळ बंद होती. ती सुरू करावयास एक पैसाही लागला नाही. लागला तो फक्त विचारण्याचा संकोच सोडण्याचा धीर.

दाबण्याच्या जोडीस साठवणही हवी. वर्षाचे धान्य एकदा कणगीत भरले म्हणजे रोज बाजारास जावे लागत नाही. तद्वतच मंडळाचे बोधचिन्ह, फाँट, पानाची मांडणी या न बदलणाऱ्या वस्तू 'वर्षभर जवळ ठेव' अशी चिठ्ठी लावून पाठवाव्यात. म्हणजे दुसऱ्या भेटीत ब्राउझर त्या मोबाइलमधूनच काढतो. यास कॅश असे म्हणतात.

तिसरी क्रिया फाटा जवळ आणण्याची. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. हा वेग अफाट खरा. पण आपला सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे सुमारे १२ ते १३ हजार किलोमीटरांवर असेल, तर नुसत्या एका जाण्यायेण्यास किमान सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि तारांच्या वळणावळणाच्या मार्गामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक. पहिले अक्षर येण्यापूर्वी पत्ता विचारणे, ओळख देणे, गुप्ततेचा करार करणे अशा तीन-चार फेऱ्या व्हाव्या लागतात. हा वेळ पैसे देऊन विकत घेता येत नाही. अंतरच कमी करावे लागते. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या विद्यापीठातील गणितज्ञ टॉम लेटन व त्यांचे शिष्य डॅनी लुइन यांनी १९९८ साली अकामाई ही कंपनी याच कल्पनेवर उभी केली : एकाच मजकुराच्या प्रती गावोगावच्या वखारींत ठेवाव्यात आणि मागणाऱ्यास जवळच्या वखारीतून द्याव्यात.

याचे एक उदाहरण आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वखारी प्रारंभी अमेरिकेत व युरोपात होत्या. बुलढाण्यातील विद्यार्थ्याने लोणार सरोवराविषयीचे पान मागितले, तरी ते सातासमुद्रांपलीकडून येई. २०१८ साली संस्थेने सिंगापूर येथे वखार उघडली आणि आशियातील वाचकांस पाने लवकर मिळू लागली. व्यापारी कंपन्यांनीही मुंबईत आपली केंद्रे उघडली. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली, गुगलने २०१७ साली. तेव्हा आपला सर्व्हर परदेशी ठेवण्याचे आता काही कारण उरलेले नाही. आपल्या मंडळाचे संकेतस्थळ लहान. अशा लहान संकेतस्थळांस वखारींची सेवा काही कंपन्या विनामूल्यही देतात.

या वखारींचा आणखी एक लाभ होतो, तो गर्दीच्या दिवशी. जडपणाने पान रेंगाळणे वेगळे आणि गर्दीने दार कोंडणे वेगळे. १६ जुलै २०२१ रोजी राज्यातील दहावीचा निकाल लागला, तेव्हा लाखो विद्यार्थी एकाच वेळी आल्याने निकालाची संकेतस्थळे काही तास उघडेनात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. आपल्याकडे तेवढी गर्दी होणार नाही. पण मुदतीच्या शेवटच्या सायंकाळी आपल्या प्रमाणात तीही होतेच. सूचना, नियम, याद्या यांसारखी पाने दर वेळी नव्याने रांधण्याऐवजी एकदाच तयार करून वखारीत ठेवली, तर सर्व्हरला केवळ अर्ज स्वीकारण्याचेच काम उरते.

आता प्रश्न असा की, जलद म्हणजे किती जलद? रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली व जेकब निल्सन यांनी १९९३ साली मानवी मनाच्या मर्यादा सांगितल्या आहेत : एक-दशांश सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर मन दुसरीकडे जाते. गुगलने २०२० साली जी मोजमापे जाहीर केली, त्यांनुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. मार्च २०२४ पासून त्यांतील एका जुन्या मापाच्या जागी नवे माप आले : बोट ठेवल्यावर पानाने एक-पंचमांश सेकंदात प्रतिसाद द्यावा. ही मापे सरासरीने घेत नाहीत. शंभरांपैकी निदान ७५ भेटींत ती साधली पाहिजेत, असा नियम आहे. सरासरीत खामगावच्या जलद जोडणीने संग्रामपूरचे चक्र झाकून टाकले असते. आम्ही तर म्हणू की, व्यापाऱ्यास ७५ पुरे असतील. समाजाच्या मंडळाची खरी परीक्षा उरलेल्या २५ मध्येच आहे. शिष्यवृत्तीची गरज ज्यांस आहे ते बहुधा त्यांतच असतात.

मोजण्यासाठी गुगलचे पेजस्पीड इनसाइट्स हे साधन विनामूल्य आहे. त्यात आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की ते मध्यम प्रतीचा मोबाइल आणि सेकंदास १.६ मेगाबिट एवढी मंद जोडणी कल्पून पान उघडून पाहते, आणि कोठे किती वेळ गेला ते दाखविते. परंतु याहूनही एक खरे साधन आहे. आपल्या १३ तालुक्यांतील एखाद्या दूरच्या गावी जाऊन, तेथील सर्वांत जुना मोबाइल मागून घेऊन, घड्याळ लावून बसावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही या सुधारणा हाती घेतल्या, तेव्हा यंत्राने आम्हांस फारसे अडविले नाही. अडविले ते मानापमानाने. छायाचित्रे पहिल्या पानावरून काढून 'आश्रयदाते' या स्वतंत्र पानावर न्यावीत, असा प्रस्ताव आला आणि सभा दोन तास चालली. ज्यांनी वसतिगृहास खोल्या बांधून दिल्या, त्यांस मागच्या दाराशी बसविणार काय, असा रोकडा सवाल झाला. त्यामागील भावना आम्हांस क्षुद्र वाटत नाही. दात्याचा मान राखणे हा आपला जुना शिष्टाचार आहे. अखेर आमच्यातील सर्वांत वयोवृद्ध दाते उठले. त्या मुलीची हकीकत त्यांनी नुकतीच ऐकली होती. ते म्हणाले, "खोली मी कोणासाठी बांधली? माझा फोटो पाहता पाहता ती पोर परत जात असेल, तर पहिला माझाच फोटो काढा." त्यानंतर मतास टाकण्याची गरज पडली नाही.

आज पहिल्या पानावर मंडळाचे नाव, चार दुवे आणि ताज्या सूचना एवढेच आहे. अर्जाचा दुवा सर्वांत वर आहे. मागील महिन्यात आम्ही पुन्हा त्याच अंगणात, त्याच जुन्या मोबाइलवर पान उघडून पाहिले. चहाचा पेला हाती येण्यापूर्वीच ते उघडले. मुलगी म्हणाली, "आता दिसते, काका." तिचा स्वतःचा अर्ज या वर्षी तिने आपल्याच हाताने भरला.

येथे एक शंका निघेल. संकेतस्थळ कितीही हलके केले, तरी जेथे मनोऱ्याचा संदेशच पोहोचत नाही, तेथे काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर संकेतस्थळात नाही. म्हणून कागदी अर्ज स्वीकारण्याची प्रथा आपण पुन्हा सुरू केली आहे, आणि ती बंद करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरी शंका अशी की, आज हलके केलेले पान उद्या पुन्हा जड होणार नाही कशावरून? होईलच; घरातील माळा जसा दिवाळीत आवरला तरी होळीपर्यंत भरतो, तसे याचे असते. त्यासाठी आम्ही सभेपुढे तीन नियम ठेवीत आहो.

पहिला : पहिल्या पानाचे सर्व मिळून वजन ५०० किलोबाइटांहून व अर्जाच्या पानाचे १०० किलोबाइटांहून अधिक असू नये, नवी वस्तू ठेवावयाची असल्यास जुनी काढावी. दुसरा : कोणतीही सूचना छायाचित्ररूपाने न देता अक्षरांत द्यावी. तिसरा : दर तीन महिन्यांनी एका तालुक्यातील एका कुटुंबाने आपल्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडून किती सेकंद लागले ते चिटणिसांस कळवावे, आणि तो आकडा जमाखर्चाच्या शेजारी वार्षिक अहवालात छापावा. पैशाचा हिशेब आपण जसा पैपैने देतो, तसा बांधवांच्या वेळेचा व त्यांनी विकत घेतलेल्या डेट्याचाही देऊ.

या कामी पुण्या-मुंबईस व परदेशी असलेल्या आपल्या तरुण अभियंत्यांनी साहाय्य केले, त्यांचे मंडळ ऋणी आहे. त्यांस एवढेच सांगणे की, पान तयार झाल्यावर ते आपल्या मोबाइलवर पाहून समाधान मानू नये; गावाकडे आईस दूरध्वनी करून, "तुझ्याकडे उघडले काय?" असे विचारावे.

वरील तीन नियमांस सभेने संमती द्यावी, अशी नम्र विनंती करून आमचे भाषण येथेच पुरे करतो.